फवारणी पंपाचे इंजिन आणि पोराचे विमान



या सदरात आपण पाण्याच्या मोटारी, फवारणीचे पंप, मळणी यंत्रे, फार तर ट्रॅक्टरचा क्लच असल्या गोष्टींवर बोलत असतो. आजचा विषय जरा उडता आहे. त्याला कारण पंढरपूर तालुक्यातल्या एका भावाचे पत्र. चार पानी पत्र आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा :

"आमचा धाकटा बारावीला आहे. एनसीसीच्या कॅम्पला गेला, तिथे कुणीतरी रेडिओवर उडणारे विमान दाखवले. तेव्हापासून त्याचे चित्त थाऱ्यावर नाही. सगळ्यात जोरात पळणारे विमान करायचे म्हणतो. मागच्या पंधरवड्यात डाळिंबाच्या फवारणीला पंप काढला तर पंपाचे इंजिनच गायब. शोधता शोधता गोठ्याच्या माळ्यावर सापडले, याच्या विमानाच्या नाकाला बोल्ट मारून बसवलेले. फवारणी चार दिवस लांबली आणि बागेत तेल्या दिसला. माझा हात उठला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. इंजिन अजून माळ्यावरच आहे, मीही काढले नाही. तुम्हाला यंत्रातले कळते म्हणून विचारतो. हे खूळ मोडून काढावे की पैसे द्यावेत? दिले तर काय घ्यावे?"

दादा, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तेल्याचे काय करायचे ते बागवाले तज्ज्ञ सांगतील. विमानाचे मात्र मीच सांगतो, कारण १९८१ साली मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो आणि हेच खूळ माझ्याही डोक्यात शिरले होते. त्या वेळी आमच्या वाट्याला दोन तारांना बांधून गोल फिरवायचे विमान यायचे. त्यावर कोलकात्यात बनलेले दीड सीसीचे डिझेल इंजिन असे. इंधन म्हणजे रॉकेल, एरंडेल आणि ईथर. ईथरचा वास कपड्यांना इतका चिकटायचा की घरी आई विचारायची, दवाखान्यातून आलास काय? पुढे नोकरी लागल्यावर रेडिओचे विमान घेतले, ते फोडले, परत बांधले. त्यामुळे या पत्राचे उत्तर पुस्तकातले नाही.

पहिल्यांदा पंपाच्या इंजिनाचा निकाल लावू.

तुमच्या पोराचा विचार मूर्खपणाचा नव्हता, एवढे आधी कबूल करा. पाठीवरच्या पॉवर पंपाचे इंजिन टू-स्ट्रोक असते, विमानाचेही टू-स्ट्रोक. परदेशात चेनसॉची इंजिने काढून लोकांनी मोठमोठ्या मॉडेलांवर बसवलेली आहेत. पण ती विमाने मोठी आणि सावकाश चालणारी. तुमच्या पोराला वेग पाहिजे आणि इथेच गणित फसते. पंपाचे इंजिन साधारण २५-२६ सीसीचे. सहासात हजार फेऱ्यांना ते एक अश्वशक्तीच्या आसपास देते. चाक, दोरीचा स्टार्टर, थंड करणारा पंखा, त्यावरचे टोपण असे सगळे धरून वजन दोन-अडीच किलोच्या घरात जाते. शर्यतीच्या मॉडेल विमानाचे इंजिन साडेसहा सीसीचे असते. त्याला मॉडेलवाले 'फोर्टी' म्हणतात, कारण ते ०.४० घनइंच भरते. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. ते पंधरा हजार फेऱ्यांना पोचते आणि तेवढीच अश्वशक्ती देते. म्हणजे काम तेवढेच आणि बोजा पाचव्या-सहाव्या हिश्शाचा. ज्याने पाठीवर पंप घेऊन चार एकर फवारले आहे त्याला वजनाचे महत्त्व निराळे सांगायला नको.

शिवाय पंपाच्या शाफ्टला पंखा लावण्याची सोय केलेली नसते. पोराने काय जुगाड केले आहे ते मी पाहिलेले नाही, पण सहा हजार फेऱ्यांना तो पंखा सुटला तर कुठे जाईल याचा नेम नाही. तेव्हा पोरा, हे तू वाचत असशील तर ते इंजिन माळ्यावरून उतरव आणि पंपाला परत बसव. कार्बोरेटर धुऊन घे. माळ्यावर धूळ फार असते.

आता छोट्या इंजिनात एवढी ताकद येते कुठून? एक तर फेऱ्या दुप्पट. दुसरे, त्याला मॅग्नेटो नाही, कॉइल नाही, ठिणगीचा प्लग नाही. त्याला ग्लो प्लग असतो. प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या बारीक तारेचे वेटोळे. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ते लाल करायचे. एकदा इंजिन चालू झाले की सेल काढून घ्यायचा. मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांची आपसांतल्या क्रियेने तार लालच राहते आणि दर फेरीला जाळ पेटवते. अमेरिकेत रे आर्डेन या गृहस्थाने १९४७ साली हा प्लग बाजारात आणला आणि मॉडेल विमानावरचे बॅटरी-कॉइलचे ओझे एका फटक्यात उतरले.

तिसरी गोष्ट पोर्टची. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ताजी हवा एका बाजूने आत येते आणि धूर समोरून बाहेर पडतो. मधे आडोसा म्हणून पिस्टनच्या डोक्यावर वरंबा ठेवलेला असतो. जर्मनीतल्या आडोल्फ श्नुर्ले या इंजिनिअराने गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात वेगळी रचना काढली. दोन्ही अंगांनी हवा तिरकी आत घालायची, ती मागच्या भिंतीवर आपटून वर वळते आणि धूर पुढे ढकलते. वरंबा गेला, पिस्टन हलका झाला. आज जाहिरातीत 'श्नुर्ले' किंवा 'श्नुर्ले पोर्टेड' लिहिलेले दिसेल, त्याचा अर्थ एवढाच. वेगाचे विमान करायचे तर तसलेच इंजिन घ्यावे. जपानमधली ओ.एस. ही कंपनी १९३६ पासून मॉडेलची इंजिने बनवते, इटलीतली रोस्सी वेगासाठी नावाजलेली. जुनी इंजिने विकणारे पुष्कळ भेटतात. नाव बघू नका, बेअरिंग बघा. पंख्याचा शाफ्ट धरून वरखाली हलवायचा. हलला तर घ्यायचे नाही.

जुने किंवा नवे इंजिन घेताना एका गोष्टीने लोक फसतात, ती सांगतो. चांगल्या इंजिनावर 'ए.बी.सी.' असे लिहिलेले असते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह आणि तिच्यावर आतून क्रोमचा मुलामा. यात पिस्टनला रिंगच नसते. स्लीव्ह वरच्या टोकाला जरा निमुळती ठेवलेली असते. थंड इंजिन हाताने फिरवले तर पिस्टन वर अडकतो, चिरकतोसुद्धा. घेणारा म्हणतो, बिघडले आहे. बिघडलेले नाही. इंजिन तापले की पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुगते, वरची जागा मोकळी होते आणि माप बरोबर बसते. म्हणून हे इंजिन बसवताना, म्हणजे 'रन-इन' करताना, आपल्या नव्या ट्रॅक्टरसारखे थंड थंड, दमाने चालवून भागत नाही. थंड चालवले तर वरच्या टोकाला पिस्टन घासून खराब होतो. थोडे जास्त इंधन देऊन, पण चांगले गरम होऊ देऊन, दोन-दोन मिनिटांच्या पाळ्यांनी चालवायचे. मधे पूर्ण थंड होऊ द्यायचे.

इंधनात मिथेनॉल आणि तेल. तेल म्हणजे आपले एरंडेल, किंवा त्याच्या जोडीला कृत्रिम तेल. हसू नका. लहानपणी रविवारी सकाळी नाक धरून प्यायलेले तेच एरंडेल, फक्त मॉडेलसाठी शुद्ध, पाणी नसलेले लागते. जास्त तापले तरी ते धातूला धरून राहते, म्हणून इंजिन क्षणभर कोरडे पडले तरी वाचते. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. जगात सगळ्यांत जास्त एरंडी आपल्या देशात पिकते, आणि त्यातली बहुतेक गुजरातेत.

मिथेनॉलची मात्र धास्ती ठेवा. विषारी दारूने माणसे मरतात, आंधळी होतात, त्यात बहुतेक वेळा हेच असते. दिसायला पाण्यासारखे. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधी भरायचे नाही आणि कुलपात ठेवायचे. आणखी एक, त्याचा जाळ दिवसा उन्हात दिसत नाही. विमान पेटले आहे हे हात भाजल्यावर कळते.

आता वेग. तो निव्वळ इंजिनाने येत नाही. पंख्याने येतो आणि अंगलटीने येतो.

पंख्यावर दोन आकडे असतात. दहा गुणिले सहा म्हणजे पंखा दहा इंच लांब आणि एका फेरीला, स्क्रू जसा लाकडात जातो तसा, सहा इंच पुढे सरकणारा. पोरा, पाटीवर मांड. अकरा हजार फेऱ्या गुणिले सहा इंच, म्हणजे मिनिटाला सहासष्ट हजार इंच. तासाला साधारण १०० किलोमीटर. आता नऊ गुणिले सातचा पंखा घे. लांबी कमी म्हणून इंजिन हलके होते आणि पंधरा हजार फेऱ्या घेते. पंधरा हजार गुणिले सात इंच, तासाला १६० किलोमीटर. हा कागदावरचा वेग. प्रत्यक्षात थोडाफार इकडेतिकडे होतो, पण पंखा निवडायला एवढे गणित पुरते. मोठा पंखा म्हणजे नांगराला पहिला गिअर, छोटा आणि तिरका पंखा म्हणजे रस्त्यावरचा वरचा गिअर. वरच्या गिअरात नांगरट होत नाही. तसेच जाड अंगाच्या शिकाऊ विमानाला वेगाचा पंखा लावला तर ते पळतही नाही आणि नीट चढतही नाही.

याचे कारण हवेचा अडसर. तो वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट पाहिजे तर अश्वशक्ती आठपट पाहिजे. म्हणून दुप्पट मोठे इंजिन बसवून वेग फारसा वाढत नाही, पण विमान सडपातळ केले तर तेच इंजिन पळू लागते. वाऱ्यात घोंगडी पांघरून सायकल चालवून बघा आणि मग घोंगडी काढून बघा. वेगाच्या विमानाचे पंख पातळ असतात, वरून आणि खालून सारखीच गोलाई. चाके छोटी, तारा आत, इंजिनाचे जेवढे झाकता येईल तेवढे झाकलेले. हवा लागायला इंजिनाचे डोके तेवढे बाहेर.

अंग कशाचे करावे? बाल्सा हे लाकूड या कामाला सर्वांत चांगले. हे झाड दक्षिण अमेरिकेतले. इक्वेडोरमधून जगभर जाते. आपल्या काटेसावरीच्या गोतातलेच आहे. सावर जशी भराभर वाढते आणि लाकूड हलके, काड्यापेटीच्या कामाचे, तसेच त्याचे, पण बाल्सा त्याहूनही हलके. इंजिन जिथे बोल्टने बसते त्या पहिल्या भिंतीला मात्र प्लायवूडच पाहिजे. पंखांत थर्माकोलसारख्या फेसाचा गाभा गरम तारेने कापतात आणि वरून बाल्साची पातळ कातडी चिकटवतात. पंख झपाट्याने होतो आणि पीळ खात नाही.

आणि तोल. बैलगाडी भरताना माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलते. विमान उलाळ झाले तर त्याला आवरणारे बैल नाहीत. ते नाक वर करते, वेग मरतो आणि खाली पडते. वेगाचे विमान उलाळ असेल तर काडीभर इशाऱ्याला उडी मारते. त्यापेक्षा जरा धुरजड बरे. पंखाची रुंदी २५ सेंटीमीटर असेल तर पुढच्या कडेपासून साडेसहा सेंटीमीटरवर दोन बोटे लावून उचलावे. नाक किंचित खाली झुकले पाहिजे. हे बघितल्याशिवाय एकदाही हवेत सोडायचे नाही.

नमुना कुठला घ्यावा, तर अमेरिकेत सत्तरीच्या दशकात निघालेला 'क्विकी ५००' हा प्रकार मला आवडतो. तोवर तिकडे शर्यतीची विमाने इतकी नाजूक आणि महाग झाली होती की सामान्य माणूस भाग घेईना. मग असे ठरले की पंख किमान ५०० चौरस इंचांचा, साधारण ५० इंच लांब आणि १० इंच रुंद, सरळ फळीसारखा, आणि धड म्हणजे लाकडी पेटी. सुताराच्या पोराला जमेल असे. इंजिन तेच साडेसहा सीसीचे. हे विमान गरिबांच्या शर्यतीसाठी निघाले, पण हातात बसलेल्या माणसाच्या हाती ते भल्याभल्यांना घाम फोडते.

याच्या वरचा दर्जा म्हणजे जागतिक स्पर्धेतला एफ-३-डी. तीन खांबांचा त्रिकोण. दोन बाजू १८० मीटर, एक ४० मीटर, एक फेरी ४०० मीटरची. दहा फेऱ्या, म्हणजे चार किलोमीटर, आणि चांगले उडवणारे ते मिनिटाच्या आत पुरे करतात. सरासरीच ताशी २४० किलोमीटरच्या वर गेली, तीही वळणे धरून. मैदानावरच्या लोकांना डोक्यावर हेल्मेट सक्तीचे. या इंजिनांना मागे लांबट फुगीर नळी असते. धुराची लाट त्या नळीत आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. ही विद्या पूर्व जर्मनीतल्या एम.झेड. मोटरसायकलीच्या वाल्टर काडेनने पन्नासच्या दशकात पक्की केली. १९६१ साली त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेगनर पळून पश्चिमेला गेला आणि ती विद्या घेऊन जपानच्या सुझुकीला मिळाला. आपल्याकडे यामाहा आरएक्स १०० ज्या नळीच्या जोरावर पळायची, तिचे मूळ तिथे आहे. पोरा, ही नळी पहिल्या तीन वर्षांत घ्यायची नाही. तिची लांबी जुळवता जुळवता अंगावरचे कपडे विकावे लागतात.

आता माझे सांगतो. १९८७ च्या मे महिन्यात मी क्विकीच्या धर्तीवर विमान बांधले. त्याआधी मी फक्त वरच्या पंखाचे शिकाऊ विमान उडवले होते, तेही जेमतेम वीस वेळा. मधली पायरी गाळली. गावाकडे गेलो आणि उन्हाळ नांगरट झालेल्या रानाशेजारच्या पडीवर उडवायला घेतले. तीन चकरा छान झाल्या. चौथ्या वेळी वरून खाली सूर मारून जोरात आणले आणि हवेतच भर्रर्र असा आवाज आला, जणू पत्र्यावर गांधीलमाशी अडकली आहे. याला मॉडेलवाले 'फ्लटर' म्हणतात. पंखाच्या मागच्या कडेला जे हलणारे फळकूट असते, ते वेगात निशाणासारखे फडफडते. माझ्या बिजागऱ्या ढिल्या होत्या आणि ते फळकूट ओढणारी तार मी सायकलच्या आऱ्याची केली होती. ती चालते, पण मी ती लांबच लांब ठेवली, मधे आधार दिला नाही. फळकूट उपटून गेले. विमान गिरकी घेत खाली आले आणि माझे वडील भाकरी घेऊन बांधावरून येत होते, त्यांच्यापुढे दहा पावलांवर ढेकळांत शिरले.

तेव्हा मी हिशेब केला नव्हता, नंतर केला. अडीच किलोचे विमान ताशी १६० च्या वेगाने आपटले तर पन्नास किलोचे पोते पाच मीटरवरून अंगावर पडावे तेवढा मार बसतो. वडिलांनी काही विचारले नाही. मी पोचेपर्यंत ते धोतराच्या सोग्यात तुकडे गोळा करत होते. बारीकसारीक चिपळ्यासुद्धा. म्हणाले, "कामाचे असतील." भाकरी बांधावर ठेवलेली होती.

त्यानंतर दोन वर्षे मी वेगाच्या विमानाला हात लावला नाही. मधली पायरी नीट चढलो. दादा, तुम्ही पैसे द्यायचे ठरवलेत तर त्या पायऱ्यांसाठी द्या.

पहिली पायरी म्हणजे पंख वर असलेले, जाड पंखाचे, सावकाश उडणारे विमान. फेसाचे असले तरी चालेल, पडले तर डिंकाने चिकटते. त्याआधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर असतो, त्यात महिनाभर पाडून घ्यावे. तिथे पाडायला पैसे पडत नाहीत. नवख्याला सगळ्यात अवघड जाते ते विमान आपल्याकडे येत असताना. तेव्हा डावे-उजवे उलटे होते. त्याला एक युक्ती आहे : जो पंख खाली गेलेला दिसेल त्याच्या खाली काठीचा टेकू द्यावा तशी हातातली दांडी त्या बाजूला ढकलायची. हे बोटांत मुरेपर्यंत वेगाचे नाव काढू नये. ताशी १६० ने विमान सेकंदाला ४४ मीटर जाते. शंभर मीटरचे रान सव्वादोन सेकंदांत ओलांडते. विचार करायला वेळ नसतो.

दुसरी पायरी म्हणजे पंख खाली असलेले विमान, साधे फोर्टी किंवा तेवढ्या ताकदीची विजेची मोटार. एक सुगी ते उडवावे. मग क्विकी.

पैशातला मोठा वाटा आधी रेडिओवर टाकावा. विमाने फुटतात, रेडिओ पुढच्या पाच विमानांना चालतो. आता सगळे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचे येतात. आमच्या वेळी क्रिस्टल असायचे. दोघांचे क्रिस्टल एकाच नंबरचे निघाले की एकाचे विमान दुसऱ्याच्या हुकमाने जमिनीत जायचे. तो त्रास आता संपला.

विजेच्या मोटारीचे काय, असे बरेच जण विचारतील. खरे सांगायचे तर आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी मोटारच सुचवीन. १४.८ व्होल्टची बॅटरी ५० अँपिअर देत असेल तर ७४० वॅट झाले, म्हणजे जवळजवळ एक अश्वशक्ती. तेल नाही, धूर नाही, शेजाऱ्याच्या गाई बुजत नाहीत. मोटारीवर 'के.व्ही.' लिहिलेले असते, म्हणजे एका व्होल्टला किती फेऱ्या. आकडा मोठा तर पंखा छोटा, हे वरचेच गणित. फक्त बॅटरी जपावी. लिथियम पॉलिमरची ही बॅटरी फुगली, टोचली किंवा चुकीच्या चार्जरवर लावली तर पेट घेते. तिचा बॅलन्स चार्जर वेगळा असतो. कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा रात्री झोपताना लावून ठेवायची नाही. चार्जिंग होईपर्यंत माणूस जवळ पाहिजे. आणि पोरा, माळ्यावर तर बिलकूल नाही.

ज्याला इंजिनाचाच नाद आहे त्याने इंजिन घ्यावे. नाद असतो, मला माहीत आहे. पण पंखा बोटाने फिरवून सुरू करू नये, काठीने किंवा स्टार्टरने करावा. सुरू झाल्यावर पंख्याच्या मागे यावे आणि सुई मागूनच फिरवावी. बाजूला उभे राहू नये, पंखा तुटला तर तो बाजूलाच जातो. नऊ इंची पंख्याचे टोक पंधरा हजार फेऱ्यांना ताशी सव्वासहाशे किलोमीटरच्या वर फिरत असते. सुई जुळवताना इंधनाची नळी चिमटीत क्षणभर दाबावी. आवाज जरा चढला तर ठीक, इंधन थोडे जास्त आहे. आवाज लगेच पडला तर इंधन कमी आहे, उडवू नये. विमान मातीत नाक घालून पडले तर पंखा फिरवून बघण्याचा मोह टाळावा. या इंजिनाला एअर फिल्टर नसतो. एक फेरी झाली तरी वाळू पिस्टनला ओरबाडते. खोलून, धुऊन मगच फिरवायचे. आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस अंशांवर हवा विरळ होते. सोलापूर-पंढरपूरकडची तेव्हाची हवा समुद्रकाठच्या गार हवेपेक्षा साधारण आठव्या हिश्शाने कमी भरते. तेव्हा इंजिन थोडे मंद वाटते आणि विमान नेहमीपेक्षा वेगाने उतरते. सकाळी सातला उडवावे.

जागा मोठी हवी. गावाकडे ती मिळते, हेच आपले भाग्य. शहरातली पोरे यासाठी तीस-तीस किलोमीटर जातात. पण रस्ता, वस्ती, जनावरे आणि विजेच्या तारा यांच्यापासून लांब. उसाच्या फडाशेजारी नको, फडात गेलेले विमान तोडणीलाच सापडते. तारेवर अडकले तर खांबावर चढायचे नाही, बांबूनेही काढायचे नाही, वायरमनला बोलवायचे. उडवताना सगळ्यांनी उडवणाऱ्याच्या मागे एका बाजूला उभे राहायचे आणि विमान त्यांच्या डोक्यावर आणायचे नाही. सरकारचे २०२१ चे ड्रोन नियम या विमानांनाही लागू आहेत. त्यात २५ किलोपर्यंतचे, केवळ शिक्षणासाठी, प्रयोगासाठी किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचे विमान म्हणजे मॉडेल. सरकारी नकाशात लाल, पिवळे आणि हिरवे पट्टे आहेत. आपले रान हिरव्यात आहे का, हे आधी बघून घ्यावे. नोंदणीचे नियमही तालुक्याच्या सेतू केंद्रातून किंवा पोराच्या मोबाइलवर वाचता येतात.

राहिला तुमचा पहिला प्रश्न, खूळ मोडावे की काय. दादा, ज्या पोराने कुणी न शिकवता पंपाचे इंजिन खोलले, विमानाच्या नाकाला चार बोल्ट मारून बसवले, त्याच्या हातात काहीतरी आहे. फवारणीच्या दिवशी ते करायला नको होते, हे त्यालाही कळले असणार. मारल्याचे तुम्हाला लागले आहे, म्हणून तर तुम्ही चार पाने लिहिलीत. आता असे करा. इंजिन तुम्ही एकट्याने उतरवू नका, तोही एकट्याने उतरवायला नको. दोघे माळ्यावर चढा. तो नट सोडेल, तुम्ही इंजिन धरा, दोन-अडीच किलोचे आहे. खाली आणून पंपाला त्यालाच बसवू द्या, आणि पहिली दोरी तुम्ही ओढा. पुढची फवारणी कधी आहे ते त्याला आधी सांगून ठेवा. मग त्याला विचारा, ते विमान उलाळ आहे का धुरजड. त्याला उत्तर येत नसेल तर हा अंक द्या.

जागा संपली. मंगळवेढ्याच्या वाचकाने सोलर पंपाच्या पॅनलवर साचणाऱ्या धुळीविषयी विचारले आहे, ते पुढच्या आठवड्यात घेऊ. ज्यांना विमानाचा तोल काढायचा आराखडा पाहिजे त्यांनी आपला पत्ता लिहिलेले पाकीट पाठवावे, तिकीट लावून.